एकोणीस

सव्वीस, सत्तावीस,
आणि खिडकीवर टकटक.
एर्सिरा बार्रिया मान वर करत नाही.
आधी पावट्याचा एक सुका दाणा ठेवते थाळीत,
मोजलेल्या आणि न मोजलेल्या गोळ्यांच्या मध्ये,
मग निळ्या पेनाने मनगटावर लिहिते २७,
आणि मगच म्हणते, "बोला."

चिलोए बेटावर, कास्त्रोच्या इस्पितळात,
तळमजल्यावर आमचं औषधालय:
एक खिडकी, दोन फोन,
एक फ्रीज, जो तापला की रडतो,
आणि मी, मदतनीस, सहा आठवडे जुना.
तीन वाजता केहुईची बोट.
बोट कुणासाठी थांबत नाही,
ओहोटी तर त्याहून नाही.
तिच्यातून जायच्या एकेचाळीस पुड्या,
प्रत्येकीवर नाव, आणि सकाळ, दुपार, रात्र.

दहा वाजता वरच्या मजल्यावरून डॉक्टर सालदिविया:
"आत्ता. लगेच."
दहा-पाचला पुएर्तो मोंतच्या कचेरीला साठ्याचा तक्ता हवा:
"आत्ता. लगेच."
दहा-सातला फ्रीज.
त्याला शब्द येत नाहीत, म्हणणं तेच.

मी सगळीकडे एकदम धावलो.
अर्धा तक्ता, अर्धी पुडी, फोन खांद्यात,
एक ना धड.
तिने माझ्या खांद्यातला फोन काढून
टेबलावर पालथा निजवला.
"ओरडतो तो आजारी असेलच असं नाही," म्हणाली.
"फ्रीज मात्र खोटं बोलत नाही. आधी तो."

दाण्याच्या आधीची तीन वर्षं, तीच सांगते,
प्रत्येक टकटकीला पहिले पाढे पंचावन्न.
रात्री झोपेत मोजायची,
झोपेतही कुणीतरी विचारायचं,
"बाई, किती वेळ?"

साडेबाराला दोन एलिसेओ आले.
ते रोज येतात. खोकल्याच्या औषधाची किंमत विचारतात,
घेत नाहीत.
मी घड्याळाकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे.
मेंढीचा पाय, भाचीचं लग्न, छपराचा पत्रा,
सगळं ऐकलं तिने, हात मांडीवर ठेवून.
ते गेल्यावर मी कुरकुरलो.
"दाणा बसलाय ना माझ्या जागेवर," ती म्हणाली,
आणि बत्तीसपासून पुढे:
तेहेतीस, चौतीस.

तीनला आठ कमी असताना
मी खोकं उराशी धरून उतार उतरलो.
बेलिसारिओने एक दोर आधीच सोडला होता.
खोकं त्याने झेललं, काही न बोलता,
जसा रोज पाव झेलतो.

संध्याकाळी शेगडीशी मातेचा कप,
आणि ती बसली मनगट धुवायला.
साबणाने २७ गेला. १४ गेला. ३२ गेला.
डॉक्टरांचा ८ जरा हट्टी होता, तोही गेला.
मग तिचा हात थांबला.

"एकोणीस," ती म्हणाली.
"कशाचे एकोणीस?"

आम्ही थाळी पाहिली. टेबलाखाली पाहिलं.
दाणा माझ्याच कोटाच्या खिशात सापडला.
थाळी पुसताना मीच उचलला असणार,
तक्ता भरता भरता, फार कामसू होऊन.
म्हणजे तिकडे कुणाच्या तरी पुडीत
तिसांच्या जागी एकोणीस.
ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.
कोट काढला होता, तो परत घातला,
आणि केहुईच्या दवाखान्याला फोन लावला.

उल्दाने उचलला. खोकं आलं होतं.
एकेक पुडी उघडून ती मोठ्याने मोजू लागली.
पहिली तीस. दुसरी तीस. नववी तीस.
एर्सिरा डोळे मिटून ऐकत होती,
ओठ सोबत हलत होते.
तेविसावी पुडी:
पंधरा, सोळा, सतरा,

"थांब हं," उल्दा म्हणाली, "दारात कुणीतरी आलंय."

तिकडे पावलं दूर गेली.
कुत्रं भुंकलं. कुणीतरी हसलं.
एर्सिराने फोन ठेवला नाही.
माझ्यापुढे तळहात पसरला,
मी दाणा त्यावर ठेवला,
आणि तिने नुकत्याच धुतलेल्या मनगटावर लिहिलं
१७.