खोलीचं तापमान

मानेवाडा, मागची खोली, मे महिना,
रात्रीचे साडेनऊ.
टेबलावर तळहातात मावेल एवढी सर्किटची पाटी,
तिच्यावर दोन हीटर, दोन सेन्सर,
आणि लॅपटॉपपर्यंत गेलेली एक आखूड वायर.
पायथनमध्ये पाच-सहा ओळी लिहिल्या:
हीटर एक, साठ टक्के.
मग वाच, छाप, एक सेकंद झोप.
पुन्हा वाच.
घरात तेवढीच एक वस्तू झोपत होती,
तीही सेकंदभर.

कुमुदकाकू दारातून म्हणाली,
"काहून वं पोरी, बाहेर एवढं तापून राहिलं
अन् तू घरात बसून आणखी तापवून राहिली?"
मी तोंड उघडेपर्यंत त्रेचाळीस झाले होते.
सुरुवातच एकोणचाळीसपासून होती,
हीटर बंद असताना.

लायब्ररीच्या नमुन्यात खोली तेवीस अंशांची.
कोणी लिहिली, कुठं बसून, कोण जाणे.
तेवीस मीही पाहिलेत,
डिसेंबरात, सकाळी दहाला, गच्चीवर
तुरीच्या शेंगा सोलताना.
ते खोडून एकोणचाळीस टाकले
तेव्हा कुठे आलेख माझ्या घरात आला.

मग पन्नासचं लक्ष्य दिलं.
रेघ चढली, पन्नासवर थांबेना,
त्रेपन्नपर्यंत गेली.
हीटर शून्य केला.
थंड हो, अशी आज्ञाच नाही या पाटीला.
सोडून द्यायचं फक्त,
आणि बसायचं.
नागपुरात ते फार वेळ बसणं असतं.

नऊ बावन्नला रेघेत खड्डा पडला.
सेन्सर निसटला का बघितलं,
वायर दाबली, कोड वरून खाली वाचला.
खोब्रागडे सर विचारणार, हा व्यत्यय कसला?
मग मानेला गार लागलं,
वाळ्याचा ओला वास आला.

कूलरचं तोंड माझ्याकडे वळलेलं.
काकू पलंगाच्या पलीकडच्या कोपऱ्यात,
विजेच्या बिलाचा पंखा करून
वारा घेत होती.
"तुह्या कपाळावरून घाम गळून राहिला त्या मशीनवर,"
ती म्हणाली. "जळीन ना ते."

वहीत लिहिलं: ९.५२, कूलर.
थोडं थांबून पुढे लिहिलं: काकू.
त्या कोपऱ्यात किती अंश असतील?
दुसरा सेन्सर रिकामाच होता.
पाटी उचलली,
आणि वायर कुठवर पोचते ते पाहू लागले.