आठ सेकंद

सोमवारपासून कीबोर्ड मध्येच गोठतो.
मध्येच म्हणजे कधी, ते सांगता येत नाही,
सांतानला फोनवर हेच सांगितलं.
तो म्हणाला, पोर्ट बदल.
बदलला. मागचा, मग पुढचा, मग प्रिंटरचा काढून तो.
नळजोडणीचा एक अर्ज नीट उतरला,
दुसऱ्यात ‘मुक्काम पोस्ट’पर्यंत पोचले
आणि पुढे
काहीच नाही.
कळ खाली जाते, टक् वाजते,
पडद्यावर कर्सर तेवढा उघडमीट करत राहतो
घाईतल्या गिऱ्हाइकासारखा.

दुपारी बाजार ओसरल्यावर एकेक कळ उपटली.
खाली तांबडी माती.
खनिजाचे ट्रक या रस्त्यावरून कधीचे गेले,
डिचोलीची धूळ अजून ‘ट’च्या खाली बसून आहे.
सोबत स्टेपलरची पिन, शेंगदाण्याचं साल,
माझाच एक केस, अर्धा पांढरा.
ब्रशने झाडलं, स्पिरिट लावलं,
परत बसवताना ‘ब’ आणि ‘ह’ची अदलाबदल झाली,
बोटांना पत्ता नाही. बोटं कुठे बघतात.
बुधवारी पुन्हा तेच.

गुरुवारी सांतान म्हापशाहून स्वतः आला,
पिशवीत नवा कीबोर्ड, कागदात गुंडाळलेले चार उंडे.
नवा जोडला. अकराच्या सुमाराला तोही गोठला.
तेव्हा त्याने संगणकाकडे बघणं सोडलं,
स्टूल ओढून माझ्या हातांकडे बघत बसला.
“तू तुझं काम कर गो बाय, मी नाही असं समज.”

सोमवारपासून अडलेलं पान मी उघडलं.
वकिलाचा मसुदा, मराठीत करायचा:
लिहून देणार, लिहून घेणार,
पिळगावचं कुळागर, पूर्वेस पाट,
उत्तरेस पायवाट, आतील माड-पोफळींसह.
असे कागद मी किती बहिणींचे केले,
पानाला तीस रुपये, चहा येईपर्यंत तयार,
नावं तेवढी बदलायची.
या वेळी लिहून देणारी मी.
खाली नवऱ्याचीही सही लागते,
तो म्हणाला, आण, करतो.
‘माझा हिस्सा मी’ इथवर आले.
पुढचा शब्द पाठ आहे.

सांतान ओठांतल्या ओठांत मोजत होता.
“सात. आठ. पळे.”
एक चौकट आली. मी एंटर मारलं.
“वाचलंस?”
“काय?”
“तेच. रोज विचारतं, आणि रोज तू न वाचता हो म्हणतेस.”

उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली
की यंत्राला वाटतं, या माणसाचे हात कापतात.
मग ते सांभाळून घेतं,
हलका स्पर्श चुकून झाला असेल म्हणून सोडून देतं,
रेंगाळून दाबलं तरच ऐकतं.
पुन्हा तेवढाच वेळ धरलीस की पुन्हा मोकळं.
म्हणून मध्येच.
“कीबोर्डाला काय झालेलं नाही.”
जरा थांबून म्हणाला, “कसला शब्द गो एवढा?”

आपखुशीने.

‘आ’ला शिफ्ट लागते.
काना असता तर लागली नसती,
काना कुणाच्या तरी पाठीशी उभा राहतो, साध्या कळीवर येतो.
शब्दाच्या तोंडाशी एकटं उभं राहायचं
तर उजव्या करंगळीने काहीतरी दाबून धरावं लागतं,
क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं,
नियम म्हणून.

सांतान सेटिंगमध्ये शिरला, एक खूण काढली.
“आता कितीही वेळ धर, काय म्हणणार नाही.”
पैसे घेतले नाहीत. नवा कीबोर्ड पिशवीत गेला,
उंडे टेबलावर राहिले.

उपेंद्र सहाला येणार.
वाईट नाही तो, दर मे महिन्यात नारळ पाठवतो,
सोललेले.
करंगळी शिफ्टवर.
नऊ. दहा.
यंत्र गप्प.
चौदापर्यंत मोजलं, तेवढ्यात एक बाई आत आली,
रेशनकार्डाच्या दोन झेरॉक्स,
पाठपोट, म्हणाली, आणि बस सुटायच्या आत.