एकवीस टिंबं

पंचायतीचा कॉम्प्युटर बंद नाई पडला, राजेहो.
चालू हाये. तेच तर दुखनं हाये.
पडद्यावर निये डोंगर, कोपऱ्यात टाइम बरोबर,
अन् मधात एक पांढरी चौकट
टोलनाक्याच्या दांड्यावानी आडवी:
आधी वळख सांग, मंग आत ये.

वळख होती करुणा नागोसेपाशी.
करुणा आमची ऑपरेटर. चैतात लगन झालं,
आता तिरोड्याले असते. फोन उचलत नाई.

मी मोबाईल रिपेरिंगवाला. नेरच्या फाट्यावर टपरी,
पाटीवर ‘टेक्नो’ लिवलं, एवढाच माहा गुन्हा.
मले गाडीवर बसवून आनलं.

सरपंच देवरावभाऊ म्हनले, "माहंच नाव असन. टाक."
टाकलं. नाई.
बाईसाहेबायचं टाकलं. नाई.
गावदेवीचं टाकलं, तं धाबेकर ग्रामसेवक म्हन्ते,
देवीले पह्यलं अक्षर मोठं लागते.
मोठं केलं. तरी नाई.
पाच डाव चुकलं का हा डबा अर्धा घंटा रुसते,
लग्नातल्या जवायावानी. फरक एवढाच,
जवाई तर्री-पोहे पाहून परत येते.

तेवढ्यात आला अंशुल उईके. पॉलिटेक्निक, सेकंड इयर.
ऊन शेहेचाळीस डिग्री, अन् आंगात टोपीवालं कायं जर्किन.
म्हन्ते, "काका, विंडोजमंधी रामच नाई. लिनक्स टाका."
धाबेकर म्हन्ते, "खिडक्या काढल्या
तं हवा कुठून येईन?"
दोघंही सीरियस होते.

मंग अंशुलनं मोबाईलमंधल्या एआयले इचारलं, वऱ्हाडीतच:
"पासवर्ड इसरलो, काऊन उघडून नाई राह्यलं बे?"
त्यानं ‘बे’चा अर्थ दोन लावला
अन् मोजून दोन उपाय देल्ले.
एक, शांत राहा.
दोन, आपल्या आयटी विभागाशी संपर्क साधा.

आयटी विभाग म्हन्जे मीच.

माहं मत इचारान तं मी एआयचं मनावर घेत नाई.
दसऱ्याले याच कॉम्प्युटरची पूजा केली,
एंटरच्या बटनात हयद गेली,
तवापासून ते दोन डाव दाबा लागते.
हे त्याले मालूम हाये का?

संध्याकाई करुणानं फोन उचलला. स्पीकरवर.
"सोपा हाये, दादा. लिवा.
इंग्रजीत, सारं जोडून, पह्यला एम मोठा:
मानधन कधी देनार.
मंग ॲट. मंग अकरा."

"अकरा काऊन?" देवरावभाऊ म्हनले.

"महिने," ते म्हन्ली.

कूलरचा आवाज तेवढा राह्यला.

टीव्हीवर रोज आठ जन आठ चौकटीत भांडतेत,
मशीन नोकऱ्या खाईन का नाई खाईन.
आमच्या गावात खायले नोकरी होतीच एक.
ते मशीनच्या आंधी पंचायतीनंच उष्टी करून ठेवली.

बटनं देवरावभाऊनंच दाबली,
एका बोटानं, तोंडानं म्हनत म्हनत,
अंगनवाडीतल्या पोट्ट्यावानी.
पडद्यावर एकवीस टिंबं उमटली.
वाचता कोनाले नाई आलं.
ऐकू सगळ्यायले आलं.

एंटर. परत एंटर. उघडलं.

तवापासून रोज सकाई दहा वाजता
देवरावभाऊ हेच म्हन्तेत, अन् मंग गावाचा कारभार चालू होते.
पासवर्ड बदलाचं बटन हाये.
मी दाखोलं नाई, अंशुलही नाई.
आमच्या दोघायचं एवढ्या एकाच गोष्टीवर जमते.

पोयाच्या आंधी चार महिन्याचे पैसे
करुणाच्या खात्यात पडले.
रात्री मले मेसेज: दादा, आता अकराचं सात करा.
केलं.

सकाई देवरावभाऊ चष्मा लावून,
पडद्याले नाक टेकवून मोजत होते.
"वीसच हायेत बे! एक टिंब कुठं गेलं?"

म्हनलं, भाऊ,
याले अपडेट म्हन्तेत.