तांदळाच्या डब्यात

फोन तांदळाच्या डब्यात ठेवलाय.
वर घट्ट झाकण, झाकणावर
यामिनीचं नर्सिंगचं जाडजूड पुस्तक.
तरी दहा चाळीसला तो थरथरतोच,
आणि आतला कोलम
थंडीत दात वाजावेत तसा वाजतो.

आज पाच तारीख.
घणसोली गावठाण, चौथा माळा.
गॅलरीतून हात लांबवला
तर समोरच्यांचा वाळत घातलेला टॉवेल काढून घेता येईल
इतकी जवळीक,
आणि एकाही घराला माझा आकडा माहीत नाही.

आकडा मलाही माहीत नाही.
मी तो वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलाय,
आई पैसे ठेवायची तसा,
थोडे डाळीत, थोडे उशीच्या अभ्र्यात, थोडे देवाच्या फोटोमागे.
फरक इतकाच
की तिचे असायचे.

वाशीतल्या क्लासचे छप्पन हजार,
त्यातले एक्केचाळीस अजून बाकी.
क्लास दोन महिन्यांत बंद पडला,
हप्ता मात्र एक दिवस गैरहजर नाही.
दाढेचं रूट कॅनॉल, नऊ हजार सहाशे चाळीस, तेही हप्त्यावर.
म्हणजे माझ्या तोंडात कुणा दुसऱ्याची मालमत्ता आहे.
मी त्या बाजूने जपून चावते.
दादाच्या साखरपुड्यात "हॉलचं मी बघते" म्हणाले,
ते कार्डावरचे वीस.
का म्हणाले?
नोकरीला लागलेली मुलगी असंच म्हणते,
आणि सगळे माझ्याकडे बघत होते,
आणि मला ते आवडलं होतं.

आणि त्या अ‍ॅपवरचे आठ.
त्यांनी माझ्या फोनमधली सगळी नावं वाचली.
शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंपर्यंत फोन गेला.
बाईंचा मेसेज आला: बाळा, ठीक आहेस ना?
मी अंगठा पाठवला.

झोप येत नाही असं नाही.
येते, पण तीनच्या सुमाराला उठून निघून जाते,
आणि कुणीतरी माझ्या छातीवर
पाण्याचा वीस लिटरचा जार ठेवून
सुटे पैसे आणायला खाली गेलंय,
अजून वर आलेलं नाही.
महापेच्या कंपन्यांचे दिवे खिडकीत जागेच असतात.
खालच्या मथुरामावशी विचारतात,
"येवढा दम कशाला लागतंय गो पोरी तुला?"
"जिने," मी म्हणते.
चार माळे आहेत. अगदीच खोटं नाही.

पण यामिनी नाइट करून येणार, माझी शिफ्ट दोनची,
भात तर लावायला हवा.
डब्यात हात घातला
तर तांदळाआधी तोच हाताला लागला,
कोमट, पाठीवर पांढरं पीठ.
सतरा मिस्ड कॉल, आणि हा अठरावा.

"मॅडम, पेमेंट कधी करताय?"
आवाज कोवळा. त्याच्यामागे तेच वाक्य
आणखी वीसपंचवीस गळ्यांतून.
मी म्हटलं, थांबा, पेन घेते.
एकूण किती? सावकाश सांगा.
तो अडखळला.
त्याच्यासमोरच्या कागदावर हे वाक्य नसावं.
"एकोणीस हजार, मॅडम."
लिहिले.
आज नाहीत, म्हटलं. कधी, ते मोजून सांगते.
आणि बाईंना पुन्हा फोन करायचा नाही.
तो "ओके" म्हणाला, मग घाईने पुन्हा कागदावरचं बोलायला लागला.

लाइट बिलाच्या पाठीवर एकाखाली एक मांडलं.
हातचा एक दोनदा चुकला.
एकोणनव्वद हजार सहाशे चाळीस.
मी त्याच्याकडे बघत बसले.
त्याला शेवट होता.

मग तांदूळ धुतले.
बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत पाणी.
एवढा हिशोब मला लहानपणापासून येतो.

यामिनी आली, चप्पल काढता काढता कागद वाचला,
एक शब्द बोलली नाही.
हात धुतले, पेन उचललं,
खाली बारीक अक्षरात लिहिलं:
यामिनी, पंधराशे, दिवाळीचे.
"विसरलीस वाटतं," म्हणाली,
आणि दोन ताटं घेतली.