दोन पैंचं मीठ

पाथरी आगारात एकतीस वर्षं तिकिटं फाडली.
चिल्लर नसली की तिकिटाच्या पाठीवर लिहायचो, रु. ३ देणे,
माणूस उतरून जायचा, विसरून किंवा लाजून.
असे किती राहिले माझ्याकडे, हिशेब नाही.

मग सेलूत, खाजामियाँच्या भंगारात,
किलोनं विकायच्या खिळ्यांमध्ये एक पितळी चकती सापडली.
कडेला कानशीचे ओरखडे.
हरकचंद पूनमचंद, मोंढा. दोन पै.
मागे उर्दूत तेच, जरा तिरकं.

लढाई तिकडं बर्मात
आणि इथं मोंढ्यातून खुर्दा गायब.
कुणी म्हणे काडतुसं झाली त्याची,
कुणी म्हणे शेटच्या न्हाणीखाली पुरलाय.
मिठाच्या खड्यासाठी
हाली रुपया कोण मोडून देणार?
दुकानदारांनी मग आपापलं नावच पाडलं
पितळेवर, डब्याच्या पत्र्यावर, पुठ्ठ्यावर लाख लावून.
ज्याची चकती त्याच्याच दुकानात चाले.
चार दुकानं पुढे गेलं की नुसता पत्रा.

एकोणचाळीस जमल्यात.
जिंतूरच्या तेल्याची, भोक पाडलेली.
मानवतच्या हॉटेलची, तिच्यावर रक्कमच नाही,
"अर्धा कप" एवढंच.
पुठ्ठ्याची एकच. बाकीच्या धुण्यात गेल्या असतील.

चाळिसावी दिसली तांड्यावर,
झमकीबाईंच्या आईच्या कांचळीवर,
आरसे, चवल्या, पावल्या यांच्या रांगेत
हरकचंद पूनमचंद.
तीनशे म्हणालो. पाचशे म्हणालो.
"ह्याचं मीठ आणायचं राह्यलंय," त्या म्हणाल्या,
"हारवू नये म्हणून मायनं टाचलं.
दुकान हाय का अजून?"

नाही. तिथं आता मोबाइलची कव्हरं लटकतात.
शेटची माणसं कधीच जालन्याला गेली.

"मंग देणं कुणाकडं गेलं?"

पुढच्या सोमवारी मिठाची पुडी घेऊन गेलो.
त्यांनी ती हातावर तोलली.
"दोन पैला एवढं येत नव्हतं," म्हणाल्या.
मग माझ्याकडे नीट बघून,
"आन् तू काय हरकचंद हायस?"

कांचळी घडी घालून पेटीत गेली.
मीठ मात्र चुलीवरच्या डाळीत पडलं.
बस, म्हणाल्या, जेवून जा.

जरा जास्तच झालं होतं.
मी दोनदा वाढून घेतली.