खोली किती बाय किती

छेडाशेठ विचारतात, खोली किती बाय किती?
मी म्हणतो, दहा बाय बारा.
एका अंगाला माळा, माळ्याखाली कपाट,
हूक जरासा भिंतीकडे सरकलेला,
सिडकोनं दिला तसाच.

मग बाराशेचा घ्या, ते म्हणतात,
माळ्यापासून दीड हात तरी सोडा,
नाहीतर वारा भिंतीवरच आपटून मरतो.
छताची उंची विचारतात,
लाइटबिल विचारतात,
रॉड लांब हवा की आखूड.
खोलीत राहतं कोण,
हे नाही विचारत.

विचारलं असतं तर सांगितलं असतं :
मी तुर्भ्याला कोल्ड स्टोरेजमध्ये,
उणे अठरात मटारच्या पेट्या रचतो.
पायमोज्यांवर पायमोजे, तरी बोटं परकीच.
घरी आलो की कोपरखैरण्याचा मे महिना
कुणीतरी अंगावर गोधडी टाकल्यासारखा.

आणि मालन पोळीभाजी केंद्रात,
दोन शेगड्यांच्या मधोमध,
दिवसाला चारशे पोळ्या.
तिच्या मानेवरचं घामोळं दिवाळीपर्यंत टिकतं.
दारातून आत येते ती सरळ रेग्युलेटरकडे,
चप्पल नंतर.

एक खोली, एक हूक.
तिला पाच, मला शून्य.
एकोणीस वर्षं आम्ही तीनवर काढली,
दोघंही थोडे थोडे नाराज.

दुकानात तेरा पंखे एकदम फिरतात,
मी कॉलर वर करतो.
पोरगा रिमोट दाबत सांगतो,
अठ्ठावीस वॅट, नवी मोटर, आवाज म्हणाल तर नाही,
पिन पडली तरी ऐकू येईल.
तपकिरी घ्या काका, धूळ दिसत नाही.
दिसू दे, म्हटलं, पुसायला मीच चढतो.
आणि सगळ्यात जोरात फिरणारा कुठला ते दाखव.

जुन्याचे दोनशे आले, आतल्या तांब्याचे.
तीनदा कॅपॅसिटर बदललेला,
एक पातं पोरीच्या दप्तरानं वाकलेलं,
रात्रभर खर्र-टक्, खर्र-टक्.
फैयाज वायरमननं तो उतरवला
तेव्हा छतावर काळं वर्तुळ राहिलं,
फडक्यानं पुसलं, गेलं नाही.

पहिल्या रात्री मीच पाचवर ठेवला.
कंपनीचं जॅकेट घालून झोपलो.
मालन हसली, म्हणाली, गडी कामावर निघाला.
मानेवरचा पदर काढून
तिनं वाऱ्याकडे पाठ केली
आणि हळूच हं केलं,
जेवण मनासारखं झाल्यावर करते तसं.

मग शांत झालं.
इतकं, की ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा ट्रक
गिअर बदलताना ऐकू आला.
वरच्यांच्या मोरीतला नळ.
मालनचा गुडघा, कूस बदलताना.
आणि मी.

हा खोकला कधीपासूनचा?
अंधारात तिनं विचारलं.
आजचाच, म्हटलं, नवा पंखा, वारा लागला असेल.
ती काही बोलली नाही.
उशीखाली चाचपून तिनं रिमोट काढला
आणि बंद केला.

पाती लगेच थांबत नाहीत,
चांगली मोटर असली की जास्तच वेळ घेतात.
मी श्वास धरून पडलो होतो.
ती ऐकत होती.