महबूला, ब्लॉक एक

महबूला म्हणजे अरबीत वेडी.
नाव कोणी ठेवलं, ठाऊक नाही. आम्ही वेडीत राहायचो,
ब्लॉक एक, सातवा मजला,
आणि अब्बा गावी फोनवर सांगायचे, कुवेतला आहोत.

आता मी विद्यापीठात निबंध मोजते.
साथ, तरुण, मन : हे तीन शब्द ज्यात असतील ते सगळे.
वीस साली मूठभर, एकवीस साली सूपभर,
बावीस साली पोती.
नंतर रेघ उतरत जाते, मयतीच्या घरून माणसं उठावीत तशी.
पडद्यावर शब्दांची वर्तुळं येतात.
चिंता कलिंगडाएवढी, नैराश्य तिला खेटून,
झोप लिंबाएवढी,
एकटेपणा पार कडेला, त्याला धागेही कमी.
तेवीसपासून एक हिरवं वर्तुळ उगवलंय, उभारी नावाचं.
डॉक्टर हुदा म्हणतात, हे शीर्षकात घ्या.

मी ‘जिना’ हा शब्द शोधून पाहिला.
शून्य.

तीनशे सतरावा निबंध उघडला तेव्हा चहा घेत होते.
आखाती शहर, किनाऱ्याची वस्ती, वय चौदा ते एकोणीस,
एप्रिल ते जून. नमुना चारशे तेहतीस.
फॉर्म ओळखीचा निघाला.
गेल्या दोन आठवड्यांत कितीदा असं वाटलं की...
अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त, जवळजवळ रोज.

तेव्हा रस्त्याच्या तोंडाशी काटेरी तार होती.
मुअज्जिनाने बांगेतलं एक वाक्य बदललं,
घरीच नमाज पढा,
आणि ते म्हणताना त्याचा गळा दाटला.
अम्मीचं लाटणं पोळपाटावर थांबलं.
अब्बांचा पगार अर्धा, मग पाव, मग ‘बघू’.
इफ्तारला चार खजूर. नुमानचा बशीतच राहायचा.

नुमान सोळाचा, एसीही सोळावर,
डोक्यावरून गोधडी.
रात्री दोननंतर जिना : सात मजले खाली, सात वर,
लिफ्ट चालू असूनही.
मी पडल्या पडल्या त्याच्या चपला ऐकायचे.
एकशे सव्वीस पायऱ्या.
एका रात्री वर यायला फार वेळ लागला.
उतरून पाहिलं तर चौथ्या मजल्यावर बसलेला,
कुणाच्यातरी दाराबाहेरच्या छोट्या सायकलची घंटी
अंगठ्याने फिरवत, आवाज होणार नाही इतकी हळू.
म्हणाला, आपा, जा ना तू.
मी गेले.
हे कुठल्याही रकान्यात भरलेलं नाही.

शाळेचा फॉर्म त्याच आठवड्यात आला, दोघांनाही.
त्याने मोबाइल पालथा घातला.
खाली बारीक अक्षरात होतं :
गरज वाटल्यास पालकांशी संपर्क साधण्यात येईल.
आणि अब्बा तर खिडकीशी उभे राहून
गोदीच्या दिशेला बघत असायचे, गोदी तिथून दिसत नसताना.
मी नुमानचा हजेरी क्रमांक टाकला.
नऊही वेळा दाबलं, अजिबात नाही.
मग माझा भरला. माझाही खोटाच, पण जरा कमी.

प्रत्येक निबंधाच्या शेवटी मर्यादा नावाचा परिच्छेद असतो,
सहसा कोणी वाचत नाही असा.
इथे लिहिलंय : उत्तरं ज्याची त्याने दिली, असं गृहीत धरलं आहे.
तक्ता चारमध्ये ‘लक्षणं नाहीत’ असे एकोणसत्तर जण.
त्यांच्याविषयी एक वाक्यही आहे :
कौटुंबिक आधार भक्कम असावा.

हा निबंध गाळू या, असं सांगावं का डॉक्टर हुदांना?
कारणाच्या रकान्यात काय लिहू?

काल नुमानला फोन लावला. तो आता खेडला,
टायरच्या दुकानात.
कसा आहेस? तर म्हणाला, बरा.
मागे कंप्रेसर भरत होता, तो बंद पडेपर्यंत दोघं गप्प.
मग मी सांगितलं फॉर्मचं.
नऊही?
नऊही.
म्हणाला, बरं केलंस.
मग म्हणाला, नाही, थांब.

मी थांबलेय.